शिकायला कुलूप घेताना आधी चावी बघ

अमळनेरचा एक मुलगा, आयटीआयला फिटर करतोय, त्याने विचारलंय: "काका, चावीशिवाय कुलूप उघडायचे व्हिडिओ बघून पिकचा, म्हणजे त्यासाठीच्या बारीक हत्यारांचा, संच आणि सरावाचं पारदर्शक कुलूप मागवलं. ते चुटकीसरशी उघडतं. हुरूप आला म्हणून घरातलं जुनं कुलूप घेतलं, तर ते ढिम्म हलत नाही. व्हिडिओत सांगतात ती परदेशी कुलपं मागवू का आपल्याकडचीच घेऊ? कोणती घेऊ, किती घेऊ?"

जळगावात चाव्या-कुलपांच्या धंद्यातच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे उत्तर लांबेल, भाऊ, सवडीने वाच.

सगळ्यात आधी ते घरातलं कुलूप बाजूला ठेव आणि त्याची चावी हातात घे. चावीच्या पात्याला एका कडेने डोंगररांगेसारखे उंच-सखल दाते आहेत आणि बाजूने लांबच लांब खोबणी गेली आहे, तर कुलूप पिनांचं. चावी सपाट पत्र्याची आहे, बाजूला खोबणी नाही, किंवा गोल दांड्याच्या टोकाला चौकोनी पातं आहे, तर ते बहुतेक लिव्हरचं. मला वाटतं तुझं दुसऱ्या प्रकारातलं निघेल. खानदेशात घराला, गोडाऊनला, केळीच्या मळ्यातल्या मोटरच्या खोलीला जी कुलपं लटकलेली दिसतात, त्यांतली पुष्कळशी लिव्हरची असतात. व्हिडिओवाले शिकवतात पिनांचं. म्हणजे ज्यात पिनाच नाहीत, त्यात तू इतके दिवस पिना चाचपतोयस. दोष तुझ्या हाताचा नाही.

हे दोन प्रकार घराण्यानेच वेगळे. पिनांच्या कुलपात एक गोल प्लग असतो, त्यात चावी जाते. वरच्या बाजूने पाच-सहा भोकांतून पिनांच्या जोड्या स्प्रिंगच्या दाबाने खाली आलेल्या असतात. खरी चावी घातली की प्रत्येक जोडीतला सांधा प्लगच्या कडेशी बरोबर येतो आणि प्लग फिरतो. अमेरिकेतल्या थोरल्या लायनस येलने १८४८ साली याचं पेटंट घेतलं आणि १८६०च्या दशकात त्याच्या मुलाने त्याला आजची चपटी चावी दिली. लिव्हरचं कुलूप त्याहून जुनं, इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनचं, १७७८ सालचं. त्यात पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, प्रत्येकीला एक खाच. सगळ्या पट्ट्या नेमक्या उंचीला उचलल्या, ना कमी ना जास्त, तरच आतल्या बोल्टचा, म्हणजे कुलूप बंद धरणाऱ्या दांड्याचा, खुंट त्या खाचांतून सरकतो. दोन्हींना हत्यार वेगळं लागतं आणि ताण, म्हणजे उघडायच्या दिशेने द्यायचा हलका दाब, द्यायची जागाही वेगळी. पिनांची सवय झालेला माणूस लिव्हरवर पहिले काही दिवस नवशिकाच असतो.

शिकायला सुरुवात पिनांवरच कर. तिथे एकेक पिन बोटाला वेगळी कळते आणि पुढे लिव्हरला तोच हात कामाला येतो. आता पिनांचं कुठलं, ते सांगतो. इथे बहुतेक पोरं चुकीचं कुलूप उचलतात.

तुला लटकवायचं कुलूप नकोच. तुला पाहिजे दरवाजाचा सुटा सिलिंडर. हँडलवाल्या लॉकमध्ये चावी घालायचा जो भाग वेगळा बसतो तो, ६० किंवा ७० एमएमचा. आजकाल तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो, कारण लोक आख्खं लॉक न बदलता तेवढाच बदलतात. सिलिंडरच का? कारण तो घरी उघडता येतो. शिकायच्या कुलपात मला हाच एक गुण सगळ्यांच्या वर वाटतो. पोटात काय आहे हे तुला बघता आलं पाहिजे, त्यातून पिना काढता आल्या पाहिजेत आणि परत घालता आल्या पाहिजेत. बंद पेटी घेऊन बसलास की उघडली तरी का उघडली कळत नाही आणि नाही उघडली तरी का नाही तेही कळत नाही. आपल्या बाजारातली लटकवायची कुलपं बहुतेक रिव्हेट मारून कायमची बंद केलेली असतात. शिवाय ज्यांची कडी स्प्रिंगने टणकन वर उडते, त्यांत प्लग फिरवताना त्या स्प्रिंगशीही झटावं लागतं. मग नवशिका ताण वाढवतो, पिना आवळून बसतात आणि बोटाला काही म्हणता काही कळत नाही. सिलिंडरमध्ये ही भानगड नाही, हलक्या ताणावर काम होतं.

धुळ्याला आग्रा रोडवर कधी गेलास तर दुकानदाराकडे सिलिंडर मागताना ब्रँड विचारत बसू नकोस. "दादा, दोन-चार पाकिटं दाखवा, चाव्या बघायच्यात," असं सरळ सांग. तो विचित्र नजरेने बघेल, बघू दे. चावी आडवी धर आणि दात्यांच्या उंची बघ. पहिल्यांदा घ्यायची ती अशी, की जिचे चढ-उतार सौम्य आहेत. एका जागी दाता एकदम उंच आणि लगेच त्याच्यामागे खोल दरी असेल तर ती चावी बाजूला ठेव. उंच दाता म्हणजे आखूड पिन, ती खूप वर उचलावी लागते. खोल दरी म्हणजे लांब पिन, ती जेमतेम उचलायची. पुढची लांब आणि मागची आखूड असली, तर मागचीपर्यंत पोचताना पिकचा दांडा पुढचीला नको तितका वर ढकलतो. हे सवयीच्या हातालाही त्रास देतं. उलट सगळे दाते एकाच उंचीचे असलेली चावीही नको. तिच्यात पिक नुसता मागे-पुढे ओढला तरी प्लग फिरतो आणि शिकायला काही उरत नाही.

मग सिलिंडरच्या तोंडाकडे बघ. चावीचं भोक सरळ आणि रुंद पाहिजे. बाजूच्या भिंतीतून आलेल्या कडा भोकाच्या मध्यरेषेच्या पलीकडे गेल्या असतील, तर पिकला वळायलाही जागा उरत नाही. तसा सिलिंडर पुढच्या वर्षी. पात्यावर गोल गोल खळगे असलेली, दुकानदार जिला कॉम्प्युटर चावी म्हणतो, तीही सध्या नको. "जास्त सेफ आहे," म्हणून तो तीच गळ्यात मारायला बघेल. तुला सेफ नको आहे, हे त्याला समजावत बसू नकोस.

स्वस्त घ्यावं का महाग? स्वस्तच घे, पण फार स्वस्त नको. पिकने कुलूप उघडतं ते कारखान्यातल्या चुकीमुळे. प्लगची भोकं कागदावर एका रेषेत असतात, धातूत कधीच नसतात. एखादं भोक केसाएवढं डावीकडे, एखादं उजवीकडे. म्हणून प्लगला ताण दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एक अडकते. ती बरोबर उंचीला गेली की प्लग किंचित सरकतो आणि दुसरी अडकते. मध्यम स्वस्त सिलिंडरमध्ये हा फरक बोटाला छान जाणवतो. महागात तो इतका बारीक असतो की नवशिक्याला कळतच नाही. आणि अगदी भिकार मालात भोकं इतकी सैल असतात की नुसतं खडखडवलं तरी उघडतं, किंवा पिनांना कानस न लागल्याने त्या खरखरत वर जातात आणि प्रत्येक खरखर तुला 'पिन बसली' असं वाटायला लावते. दुकानातच चावी चार-पाच वेळा घालून-काढून बघ. गुळगुळीत गेली पाहिजे. पूर्ण घातलेली चावी वर-खाली डुगडुगली तर पुढचं पाकीट माग.

आता घरी आणल्यावर. सिलिंडरला मधोमध आटे पाडलेलं एक भोक असतं, दरवाजात तो एम-५ च्या स्क्रूने आवळतात. लाकडाच्या पट्टीला भोक पाडून त्याच स्क्रूने सिलिंडर पट्टीवर बसव आणि पट्टी टेबलाला आवळ. आयटीआयवाल्याला व्हाइसचं कौतुक असतं, पण व्हाइसमध्ये पितळ जास्त आवळलं की प्लग जाम होतो.

उघडायचा कसा, हे तुझ्यासारख्या फिटरला अवघड नाही, पण पहिल्यांदा सगळ्यांच्याच स्प्रिंगा उडतात. म्हणून परातीत जुना टॉवेल अंथरून त्यावर काम कर. प्लगच्या मागच्या टोकाला सर्क्लिप, म्हणजे प्लगला धरून ठेवणारी उघड्या तोंडाची कडी असते, ती टोकदार चिमट्याने काढ. चावी घाल, प्लग थोडासा फिरव, म्हणजे वरच्या पिनांचा सांधा मोकळा होईल. आता प्लगइतक्याच जाडीचा एक गोल दांडा त्याच्या मागे टेकवून प्लग हळूहळू बाहेर ढकल. दांडा आणि प्लग यांच्यात फट पडता कामा नये, नाहीतर वरच्या पिना आणि स्प्रिंगा त्या फटीत टपटप पडतील. दांडा सुताराकडून लाकडाचा घासून घेतलास तरी चालतो, फक्त टोक सपाट पाहिजे. प्लग हातात आला की त्यातल्या खालच्या पिना एकेक करून काढ आणि खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याच्या नाळ्यांत क्रमाने ठेव. पहिली पिन पहिल्या नाळीत. क्रम चुकला तर तुझीच चावी तुझ्याच सिलिंडरला लागणार नाही.

आता पाच जोड्यांऐवजी एकच जोडी घालून सिलिंडर बंद कर. बाकीच्या चारही भोकांतल्या वरच्या पिना-स्प्रिंगाही काढून ठेव, नुसत्या खालच्या काढून उपयोग नाही. एका पिनचं कुलूप उघडण्यात काय मोठं, असं वाटेल. पण त्या एका पिनवर तुला तीन गोष्टी बोटाने ओळखायच्या आहेत: मोकळी पिन, जी स्प्रिंगवर नुसती लवचिक वाटते, अडकलेली पिन, जी कडक वाटते, आणि बसलेली पिन, जी टिक करून सैल पडते. मुद्दाम जास्त ढकल, म्हणजे उंच गेलेली पिन कशी वाटते तेही कळेल. हे नीट ओळखू आलं की दुसरी जोडी घाल, मग तिसरी. पारदर्शक कुलपात नेमकं हेच घडलं नाही तुझ्याकडून. तिथे डोळा बघतो आणि बोट आराम करतं. त्याची भोकंही बेसुमार सैल असतात. आत काय चालतं हे घरच्यांना दाखवायला ते बरं, आईला एकदा दाखव, म्हणजे पोरगा चोऱ्या शिकतोय ही तिची भीती जाईल. नंतर त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेव.

सिलिंडरची एक खोड लक्षात ठेव. पिकने उघडल्यावर आनंदाच्या भरात प्लग अर्धा फेरा फिरवलास, तर चावीच्या भोकाची मोकळी बाजू वर येते आणि वरच्या पिना त्यात उतरतात. कुलूप तिथेच अडकून बसतं. उघडलं की थोडंसंच फिरव आणि परत आण. अडकलंच तर सपाट पट्टी भोकात घालून त्या पिना आत ढकल आणि मग फिरव.

"काका, भंगारात किलोवर कुलपं मिळतात, ती घेऊ का?" हे तू विचारलेलं नाहीस, पण विचारशीलच. घे, पण सुरुवातीला नको. आपल्याकडे कुलूप जरा अडलं की त्यात खोबरेल तेल सोडायची रीत आहे. उन्हाळ्यात ते पातळ असतं, मळ्यातली धूळ आणि काळ्या मातीची पूड आत ओढून घेतं. थंडीत, धुळे-जळगावला पहाटे कडाका पडतो तेव्हा, तेच तेल थिजतं. यावल-रावेरकडच्या मोटरच्या खोल्यांवरची कुलपं दुरुस्तीला येतात, ती उघडली की आत काळं मलम निघतं. अशा कुलपात पिन वर ढकलली की चिकटून वरच राहते, खाली येतच नाही, आणि तुला वाटतं बसली. म्हणजे तुझं बोट खोटं शिकतं. भंगारातलं घेतलंस तर आधी पेट्रोलमध्ये बुडवून, ब्रशने घासून, वाळवून घे. हे अंगणात कर, घरात गॅसजवळ नाही. वाळल्यावर शिसपेन्सिलीची पूड चावीला लावून चार वेळा आत-बाहेर कर. तेल नाही घालायचं.

ज्या भंगारातल्या कुलपाला चावी नाही, ते तर अजिबात नको. चावी असली की आतलं उत्तर तुझ्याजवळ असतं. अडलास की चावीचे दाते बघून कुठली पिन किती उंच न्यायची ते पडताळता येतं.

परदेशी कुलपांचं सांगतो. व्हिडिओत ठरलेली नावं येतात. मास्टर लॉकचं नंबर ३, चार पिनांचं, पत्र्याच्या पट्ट्या ठोकून केलेलं, फार ढिलं. त्याच कंपनीचं १४०, पितळी, त्यात काही पिना कमरेत बारीक केलेल्या असतात. अमेरिकन लॉकचं ११००, ॲल्युमिनियमचं, त्यात कमरेच्या पिनाही आणि दातेरी पिनाही. कुलपं चांगली आहेत, त्या देशांत कोपऱ्यावर मिळतात म्हणून शिकवणारे तीच धरतात. आपल्याकडे मागवायची तर टपाल-जकात धरून कुलपापेक्षा हमाली जास्त. सुरुवातीला गरज नाही. पुढे एकच मागवायचं झालं तर ११०० मागव, कारण कडी उघडी असताना ते खोलून पिना बदलता येतात.

कमरेच्या पिना मात्र तुला शिकाव्या लागतीलच. त्या असलेल्या कुलपात प्लग थोडासा फिरतो, तुला वाटतं उघडलं, आणि तिथेच थांबतो. पिनच्या बारीक कमरेत प्लगची कड अडकलेली असते. मग ताण हलकेच सोडत पिन वर द्यावी लागते. तेव्हा प्लग उलटा सरकताना बोटाला जाणवतो आणि नवशिका घाबरून परत आवळतो. यासाठी वेगळं कुलूप घेण्याआधी थोडा चांगल्यातला दुसरा सिलिंडर आण, उघड, आणि वरच्या पिना काढून बघ. त्यात एक-दोन कमरेच्या निघतात कधी कधी. पिनची जाडी जुळली तर त्यांतली एकच पिन पहिल्या सिलिंडरमध्ये टाक. बाकी साध्या ठेव. पहिलाच सिलिंडर आता नवीन कुलूप झाला.

मधे एक कायद्याचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साहित्य योग्य कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुझ्यावर. म्हणून पिकचा संच घरी टेबलाच्या खणात. रात्री मित्राच्या बाईकवर, खिशात टाकून, चौकात दाखवायला म्हणून नाही. आणि कुलूप तुझं स्वतःचं असलं तरी जे रोजच्या वापरात आहे त्यावर हात शिकू नकोस. पिकने पिनांची टोकं खरवडतात, स्प्रिंग वाकते, आणि एक दिवस आई बाजारातून पिशव्या घेऊन दारात उभी आणि चावी फिरत नाही. शेजारचे आबा "जरा उघडून दे रे" म्हणाले तर त्यांना चावीवाल्याचा नंबर दे. आम्ही धंद्यातली माणसंसुद्धा आधार कार्ड बघतो, शेजारच्या दोघांना उभं करतो, मगच हात लावतो.

आता लिव्हर, कारण आपल्या भागात काम करायचं तर ते चुकणार नाही. आर्देशीर गोदरेजांनी १८९७ साली मुंबईत कुलपं बनवायला घेतली तेव्हापासून चांगलं भारतीय कुलूप म्हटलं की लिव्हर, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तमिळनाडूतल्या दिंडीगलची हाताने घडवलेली लिव्हरची कुलपं तर इतकी नावाजलेली की २०१९ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. लिव्हर म्हणजे कमअस्सल असं समजू नकोस. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने चब या इंग्रज कंपनीचं नावाजलेलं लिव्हरचं कुलूप उघडून दाखवलं, तोवर ते कोणी उघडू शकेल असं इंग्रजांना वाटत नव्हतं.

सरावासाठी अलीगढचं साधं, पत्र्याच्या अंगाचं लिव्हरचं कुलूप घे, चावीसकट. अंगावर '६ लिव्हर', '७ लिव्हर' ठोकलेलं असतं, त्यावर उघडून मोजल्याशिवाय भरवसा ठेवू नकोस. एकासारखी एक अशी दोन घे. एकाची रिव्हेटं कानसीने घासून पाठ काढ. चावी फिरवत बस आणि कुठली पट्टी किती उचलते, खुंट कुठे अडतो, ते डोळ्याने बघ. लगेच बंद कुलपात तेच बोटाने शोध. पिनांत जे काम सिलिंडर उघडून केलंस, तेच इथे जोडीच्या कुलपाने करायचं. पट्ट्या उचलायला पिनांचा पिक चालत नाही. काटकोनात वाकवलेली कडक तार लागते, आणि ताण देणारी दुसरी तार खाली बोल्टपर्यंत पोचली पाहिजे. फिटर आहेस, स्वतः घडव. गाडीच्या वायपरच्या रबरात जी स्टीलची पट्टी असते, तिच्यापासून सिलिंडरला ताण द्यायची पट्टी छान होते. लिव्हरला मात्र ती लवते, तिथे जाड स्प्रिंगची तार घे.

किती घेऊ, याचं उत्तर: आज एक सिलिंडर. तो पाचही पिनांनी, चावीकडे न बघता, हवा तेव्हा उघडू लागला की दुसरा, जरा चांगल्यातला, वेगळ्या दात्यांचा. नंतर लिव्हरची जोडी. ढीग जमवणाऱ्या पोरांचा हात कुठल्याच कुलपावर बसत नाही, उघडलं नाही की ते लगेच पुढचं उचलतात. तुझ्या घरातल्या त्या जुन्या कुलपाचा नंबर या सगळ्यानंतर. त्याची चावी आधी दोन्ही बाजूंनी दाखव, फोटो चालेल, मग किती लिव्हरचं असेल आणि कुठली तार लागेल ते सांगतो.